कंडेन्सरच्या गंजलेल्या नळ्यांची हायड्रो टेस्ट: सॉल्व्हंट प्लांटमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोट, दर्यापूर, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागात, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. माणूस ते थुंकून टाकतो. कंडेन्सरच्या नळीला तशी सोय नसते. सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये, म्हणजे हेक्झेन नावाच्या पेट्रोलसारख्या द्रावकाने तेल काढणाऱ्या कारखान्यात, तेच पाणी कूलिंग टॉवरवरून फिरतं, बाष्प होऊन आटतं, आणखी खारट होतं आणि नळ्या आतून खात बसतं.

मी आयटीआय फिटर म्हणून लागलो तेव्हा पहिल्याच ऑफ-सीझनला कंडेन्सरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाखाली गळती तपासणं, माझ्या गळ्यात पडली. 'पाणी भर, पंप मार, गेज पाहा' एवढंच शिकवलं गेलं होतं. तेवढ्यात किती चुका करता येतात, ते पुढे अनुभवाने कळलं. हा लेख शेल-अँड-ट्यूब हीट एक्सचेंजरपुरता, त्यातही हेक्झेनची वाफ थंड करून द्रव करणाऱ्या कंडेन्सरपुरता आहे. बॉयलरच्या नळ्यांना यातलं काही लावू नका. बॉयलरचा कायदा वेगळा, निरीक्षक वेगळा, आणि तिथे आपल्या मनाने पंप जोडायचा नसतो.

कंडेन्सरची रचना एकदा डोळ्यांसमोर आणा. बाहेर मोठं नळकांडं, तो शेल. आत शेकडो नळ्या, दोन्ही टोकांना जाड भोकांच्या प्लेटमध्ये, म्हणजे ट्यूबशीटमध्ये, फुगवून बसवलेल्या. नळ्यांतून थंड पाणी जातं, शेलमध्ये हेक्झेनची वाफ येते आणि नळ्यांच्या बाहेरच्या अंगावर थिजून, म्हणजे द्रव होऊन, खाली गळते. पाण्याला पंपाचं तीन-चार किलो प्रेशर असतं, शेलमध्ये जवळपास काहीच नसतं, काही ठिकाणी तर व्हॅक्यूम असतो. म्हणून नळीला भोक पडलं की प्लांट चालू असताना पाणी हेक्झेनमध्ये घुसतं. हेक्झेन आणि पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमध्ये पाणी नेहमीपेक्षा जास्त उतरू लागतं आणि सॉल्व्हंटचा खप वाढतो. पाण्याचा पंप बंद झाला की उलटं होतं: हेक्झेन पाण्यात उतरतं आणि कूलिंग टॉवरपाशी पेट्रोलसारखा वास येतो. हा वास आला तर ऑफ-सीझनची वाट पाहायची नाही.

(आपल्याकडे 'किलो' म्हणजे किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर. खाली सगळीकडे तेच माप आहे.)

१. आधी कागद गोळा करा

नव्या मुलांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. पण टेस्ट कशावर करायची हे लोखंडावर लिहिलेलं नसतं. नेमप्लेट असते, पण तिच्यावर पंधरा वर्षांचा रंग चढलेला असतो. रंग खरवडा, फोटो काढा. मग हे जमवा:

- एक्सचेंजरची ड्रॉइंग आणि डेटाशीट (शेल आणि ट्यूब, दोन्ही बाजूंचं डिझाइन प्रेशर, म्हणजे ती बाजू ज्या दाबासाठी बनवली तो आकडा, वेगवेगळं लिहिलेलं असतं)
- नळीचा धातू, बाहेरचा व्यास आणि मूळ जाडी
- मागच्या टेस्टचे रिपोर्ट
- ट्यूबशीटचा नकाशा, आधी बंद केलेल्या नळ्या खुणा करून दाखवलेला
- गेजचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, तारीख न उलटलेलं
- टेस्टच्या पाण्याचा रिपोर्ट, निदान टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) आणि क्लोराइड
- काम करण्याचं परमिट आणि गॅस टेस्टची नोंद

कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३१ मध्ये प्रेशरखालच्या यंत्रसामग्रीची तरतूद होती; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० ने घेतली आहे. कायद्याखालची अधिकृत तपासणी मान्यताप्राप्त सक्षम व्यक्तीकडूनच होते. तुम्ही-आम्ही करतो ती देखभालीची टेस्ट. दोन्ही एकाच दिवशी जमवता आल्या तर उत्तम, पण आपली टेस्ट झाली म्हणून त्यांची झाली असं धरू नका.

२. हत्यारं

हातपंप (हायड्रो टेस्टचा), दोन गेज, टेस्ट लाइनवर बसवायचा छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह, डमी प्लेट (तोंड बंद करायची आंधळी प्लेट), नवे गॅस्केट, वरच्या नोझलला (पाइप जोडायच्या तोंडाला) बसणारा, हवा काढायचा व्हेंट कॉक, पितळी हातोडी, रबरी बूच, जाड खडू, ऑइल पेंट, फ्लेमप्रूफ टॉर्च, सुती फडकी.

हातपंपच का, विजेचा का नाही? एक तर गावाकडच्या फिडरवर लाइन कधी जाईल ते सांगता येत नाही. दुसरं, सॉल्व्हंटच्या हद्दीत साधी मोटर आणि एक्सटेन्शन बोर्ड नेणं हाच गुन्हा आहे. तिसरं कारण मला सर्वांत मोठं वाटतं. हातपंपाच्या दांड्यातून तुम्हाला आतलं कळतं. पाणी गच्च भरलेलं असेल तर चार-सहा दांड्यांत गेज चढतं आणि हाताला घट्ट लागतं. दांडा मारत राहिलात आणि गेज आळशासारखं हलत राहिलं, तर आत हवा आहे किंवा कुठेतरी गळतंय.

३. हेक्झेन काढल्याशिवाय बोल्ट ढिला करू नका

हेक्झेनची वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असते. ती वर उडून जात नाही, खाली सांडते, गटारात आणि खड्ड्यांत जाऊन बसते. हवेत तिचं प्रमाण सुमारे १.१ टक्क्यावर गेलं की ठिणगी पुरे. उन्हाळा-हिवाळा असा भेद नाही, कारण तिचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेट घेण्याइतकी वाफ सुटू लागते ते तापमान, शून्याच्या खाली वीस अंशांहूनही खाली आहे.

क्रम असा. मिसेला (तेल आणि हेक्झेनचं मिश्रण) आणि सॉल्व्हंटच्या सगळ्या लाइन डमी मारून वेगळ्या करायच्या. नुसता व्हॉल्व्ह बंद करून चालत नाही, कारण गंजलेला व्हॉल्व्ह पाझरतो. मग शेलमध्ये स्टीम सोडून धुऊन काढायचं, थंड होऊ द्यायचं, आणि गॅस डिटेक्टरने शेलच्या वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी तपासणी करायची. तळाची तपासणी लोक विसरतात, वाफ तर तिथेच असते. डिटेक्टर शून्य दाखवेपर्यंत परमिटवर सही घ्यायची नाही. जेवणाच्या सुटीनंतर परत आलात तर परत तपासा. बॅफलमागे (शेलमधल्या, नळ्यांना आधार देणाऱ्या आडव्या प्लेटमागे) आणि गाळाखाली अडकलेलं हेक्झेन ऊन चढलं की बाहेर येतं.

मोबाइल गेटवर. टेरीकॉटचे कपडे नकोत.

४. उघडा, धुवा, पाहा

माझ्या मते खरी तपासणी इथेच होते. टेस्ट तिच्यावर शिक्का मारते.

दोन्ही बाजूंची चॅनल कव्हर, म्हणजे ट्यूबशीटपुढच्या पाण्याच्या पेटीची झाकणं, काढा. नळ्यांच्या तोंडातून टॉर्च मारा. आत पांढरा-तपकिरी खार बसलेला दिसेल. हा साफ न करता टेस्ट घेतली तर बहुतेक वेळा ती पास होते, आणि हाच सर्वांत मोठा सापळा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं खाराने भोक झाकलेलं असतं. सीझन सुरू झाला, पाणी गरम-थंड झालं, खार सुटला, की भोक उघडं. मग लोक म्हणतात, 'टेस्ट तर ओके होती.'

याच्या उलटही घडतं. नळ्या साफ केल्या आणि मग दहा नळ्या गळू लागल्या, की मॅनेजर साफ करणाऱ्यावर ओरडतो. त्याने भोकं पाडलेली नसतात, झाकणं काढलेली असतात. फक्त एक सावधगिरी घ्या. साफसफाई पाण्याच्या जेटने किंवा नायलॉनच्या ब्रशने करा. ॲसिडने करायची असेल तर गंजरोधक रसायन मिसळलेलं ॲसिड, मोजलेला वेळ, आणि जाणता माणूस. स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड कधीच नाही. बाजारातली साधी बाटली आणून ओतली, तर त्या साफसफाईने खरंच भोकं पडतात.

साफ झाल्यावर कुठे पाहायचं?

पाणी शिरतं त्या टोकाच्या पहिल्या वीतभरात: तिथे पाणी भोवरा घेतं आणि तोंड घासून पातळ होतं. बोट फिरवा, कड धारेसारखी लागली तर समजा. मग तळाच्या ओळींत: प्रवाह मंद असतो, गाळ तिथे बसतो आणि गाळाखाली खड्डे पडतात. बाहेरच्या बाजूने वाफेच्या नोझलच्या समोरच्या नळ्या झिजतात, आणि बॅफलच्या भोकात हलणाऱ्या नळ्यांवर कंगोरा उमटतो. हे बाहेरचं नुकसान टॉर्चने दिसत नाही. नळ्या कार्बन स्टीलच्या नसून ३०४ जातीच्या स्टेनलेसच्या असतील तर खारपाणाचं क्लोराइड त्यांना बाहेरून चकचकीत ठेवून आतून सुईच्या टोकाएवढी भोकं आणि केसासारख्या भेगा पाडतं. चकचकीत दिसते म्हणून स्टेनलेसवर भरवसा ठेवू नका.

५. टेस्टचं पाणी कुठलं?

बोअरचं नाही.

स्टेनलेस नळ्यांसाठी टेस्टच्या पाण्यात क्लोराइड ५० पीपीएमच्या खाली हवं, असं साधारणपणे धरतात. आपल्या पट्ट्यातल्या बोअरला ते कित्येक पट जास्त असतं. नळयोजनेचं गोडं पाणी किंवा आरओचं पाणी टँकरने आणा. कार्बन स्टीलला तेवढा कडक नियम नाही, पण टेस्टनंतर कोपऱ्यात उरलेलं खारं पाणी आटतं आणि मीठ तिथेच राहतं. टँकरचे पैसे वाचवून नळीत मीठ पेरण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात टेस्ट करत असाल तर पाणी फार गार नको. गार पाणी भरलं की शेलला बाहेरून घाम फुटतो. घामाचा थेंब आणि गळतीचा थेंब सारखाच दिसतो. पाणी तासभर उभं राहू द्या, शेल पुसा, मग पाहा.

६. किती प्रेशर, आणि गेज कुठे?

डिझाइन प्रेशरच्या १.३ पट हे सध्या सर्रास वापरलं जाणारं माप आहे. जुन्या कोडप्रमाणे बनलेल्या भांड्यांवर दीडपट लिहिलेलं सापडेल. तापमान जास्त असणाऱ्या एक्सचेंजरला, म्हणजे स्टीमवर चालणाऱ्या ऑइल हीटरसारख्याला, धातूच्या ताकदीचा फरक धरून आकडा वाढतो. कंडेन्सरला तो प्रश्न नसतो. समजा ट्यूबच्या बाजूचं डिझाइन ५ किलो आहे, तर टेस्ट ६.५ किलो. शेलचं डिझाइन १ किलो आहे, तर टेस्ट १.३ किलो. ट्यूबचा आकडा शेलवर कधीही लावू नका. शेल फुटायला एवढं कारण पुरतं.

आणखी एक. हे आकडे नव्या भांड्यासाठी ठरवलेले असतात. नळ्यांच्या जाडीत गंजासाठी वेगळी शिल्लक सहसा धरलेली नसते, आणि शेल किती झिजला ते तुम्हाला जाडी मोजल्याशिवाय कळत नाही. शेल, चॅनल आणि नोझलची जाडी अल्ट्रासोनिक मीटरने मोजा. ती हिशोबाच्या खाली गेली असेल, तर नेमप्लेटचा आकडा सोडून सक्षम व्यक्तीला किंवा डिझाइनवाल्याला नवा आकडा विचारा. गंजलेल्या भांड्याला तरुणपणीचा बैठका-सपाटा करायला लावू नये.

आता गेज. त्याची रेंज टेस्टच्या आकड्याच्या साधारण दुप्पट असावी. दीडपटीच्या खाली आणि चौपटीच्या वर नको. १.३ किलोची टेस्ट ४० किलोच्या गेजवर घेणारे महाभाग मी पाहिले आहेत. काटा जागचा हललेलाही दिसत नाही.

माझी स्वतःची फजिती याहून वरची. आमचा कंडेन्सर प्लांटच्या वरच्या मजल्यावर, जमिनीपासून सुमारे १२ मीटर उंच. पंप खाली, पंपालाच गेज. शेल भरला, होज भरला, पंपाला हातही लावला नव्हता आणि गेज १.२ वर. मी खूश. दोन दांडे मारले, १.३ झालं, अर्धा तास टिकलं, रिपोर्ट लिहिला. जुने फिटर काका चहा घेऊन आले, गेज पाहिलं, वर पाहिलं आणि म्हणाले, 'बापू, तू प्रेशर पाहून राहिला का पाण्याची टाकी मोजून राहिला?'

दहा मीटर पाण्याची उंची म्हणजे एक किलो प्रेशर. माझं गेज होजमधलं १२ मीटर पाणी मोजत होतं. वर कंडेन्सरवर होतं ०.१ किलो. कागदावर पास, प्रत्यक्षात टेस्ट झालीच नव्हती. म्हणून एक गेज एक्सचेंजरच्या सर्वांत वरच्या नोझलवर लावा, दुसरं पंपापाशी. दोघांतला फरक उंचीएवढा यायला हवा. आला नाही तर एक गेज खोटं बोलतंय. आणि उलट बाजूही सांभाळा: शेलच्या तळाशी वरच्यापेक्षा प्रेशर थोडं जास्त असतं, उभ्या एक्सचेंजरला तर बऱ्यापैकी.

वजनाचंही पाहा. एक मीटर व्यासाचा, चार मीटर लांब शेल, आत एक इंची चारशे नळ्या. नळ्यांची जागा सोडून शेलमध्ये सव्वादोन टनांहून जास्त पाणी मावतं. रोज तिथे नुसती वाफ असते. खालच्या आधाराच्या गंजलेल्या लोखंडी चॅनलवर आणि शेल टेकतो त्या सॅडलवर हे वजन चालेल का, हे स्ट्रक्चर पाहणाऱ्याला विचारल्याशिवाय पाणी सोडू नका.

७. पहिली टेस्ट: नळ्यांच्या आतून

ही टेस्ट सांगते की गळती आहे की नाही. कुठली नळी ते सांगत नाही.

शेल रिकामा, त्याचा तळाचा ड्रेन उघडा आणि वरचा व्हेंटही उघडा. हे दोन उघडे नसतील आणि एखादी नळी फुटली, तर साडेसहा किलोचं पाणी एक किलोच्या शेलमध्ये कोंडेल. चॅनल कव्हर नव्या गॅस्केटवर बसवा. पाणी खालून भरा, हवा वरून काढा. व्हेंटमधून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत घाई नको.

निम्म्या प्रेशरपर्यंत जा आणि थांबा. गॅस्केट पाहा. गळत असेल तर प्रेशर शून्यावर आणा, मगच बोल्ट आवळा. प्रेशरखाली पाना लावायचा नाही, कितीही थोडं गळत असलं तरी. मग दशांशा-दशांशाने वर चढा. आकडा गाठला की पंप वेगळा करा आणि अर्धा तास थांबा. नंतर प्रेशर डिझाइनवर उतरवून सगळीकडे फिरून पाहा. पूर्ण टेस्ट प्रेशरला जवळ जाऊन डोकावण्याची हौस नको. कव्हरच्या समोर तर मुळीच उभं राहू नका, नेहमी बाजूला.

शेलच्या ड्रेनमधून थेंब आला तर नळी किंवा जोड गळतोय. गेज उतरलं पण ड्रेन कोरडा असेल तर गॅस्केट, पंपाचा व्हॉल्व्ह, होज तपासा. गेज उतरलं म्हणजे नळीच गेली असं नाही. उन्हाची गंमतही लक्षात ठेवा: गच्च कोंडलेलं पाणी एक अंश तापलं तरी प्रेशर काही किलोंनी वाढू शकतं. सकाळी सातला प्रेशर दिलं, नऊला पत्र्यातून ऊन आलं, की गेज आपोआप चढतं. सेफ्टी व्हॉल्व्ह त्यासाठीच लावायचा. संध्याकाळी उलट होतं, पाणी निवतं, गेज उतरतं, आणि लोक नसलेली गळती रात्रभर शोधतात. टेस्ट सावलीत, पहाटे घ्या आणि गेजसोबत पाण्याचं तापमानही लिहा.

'पाण्याची एवढी कटकट कशाला, कंप्रेसरची हवा मारू,' असं कोणीतरी म्हणेलच. मारू देऊ नका. पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, म्हणून फुटलं तर धार येते आणि प्रेशर संपतं. हवा स्प्रिंगसारखी दबून बसते, फुटली की कव्हर गोळीसारखं उडतं. साबणाच्या फेसाने जोड तपासायचे असतील तर अर्धा किलोच्या आत, रेग्युलेटर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह लावून, तेवढ्यापुरती हवा चालते.

८. दुसरी टेस्ट: शेलमधून, म्हणजे कुठली नळी ते कळेल

आता दोन्ही चॅनल कव्हर उघडी. नळ्यांत फुंकर मारून त्या कोरड्या करा, ट्यूबशीट फडक्याने पुसा. शेल भरा, हवा काढा, शेलच्या आकड्यापर्यंतच प्रेशर द्या. दोन्ही टोकांना एकेक माणूस, टॉर्च आणि खडू घेऊन, बाजूला उभा.

फिक्स्ड ट्यूबशीट (दोन्ही ट्यूबशीट शेलला पक्क्या) आणि यू-ट्यूबला (यू आकाराच्या, एकाच ट्यूबशीटच्या नळ्या) हे सरळ जमतं. फ्लोटिंग हेड असेल तर मागची ट्यूबशीट मोकळी असते, तिला शेलशी सील करणारी टेस्ट रिंग लागते. ती स्टोअरमध्ये सापडत नाही तोपर्यंत काम सुरू करू नका.

पाणी नळीच्या तोंडातून येत असेल तर नळी भोकाची. नळीची कड आणि ट्यूबशीट यांच्या मधून झिरपत असेल तर जोड ढिला, तिथे एक्सपांडरने (नळी फुगवायच्या हत्याराने) पुन्हा फुगवून पाहता येतं. वरच्या नळीचं पाणी ओघळून खालच्या नळ्यांच्या तोंडात जातं, म्हणून नेहमी वरून खाली या. ज्या नळीबद्दल शंका आहे तिच्या एका टोकाला रबरी बूच लावा, पुसा, पाच मिनिटांनी दुसऱ्या टोकाला पाहा.

शेलचं प्रेशर कमी असल्याने बारीक भोकातून थेंब यायला वेळ लागतो. चहाला जाऊन या, हरकत नाही. फक्त एक माणूस तिथे ठेवा. इतक्या कमी प्रेशरला सुईएवढं भोक सुटूही शकतं. पहिल्या टेस्टमध्ये ड्रेन गळला आणि दुसऱ्या टेस्टमध्ये काही सापडलं नाही, तर ट्यूब टेस्ट गनने (एकाच नळीत दाब देऊन तपासायच्या हत्याराने) एकेक नळी दोन्ही टोकांना बूच लावून वेगळी तपासा. चारशे नळ्यांना दोन दिवस लागतात. लागू द्या.

आता आरशाचा सापळा. तुम्ही पूर्वेच्या टोकाला उभे राहून म्हणता, 'तिसरी ओळ, डावीकडून पाचवी.' पश्चिमेचा माणूस डावीकडून पाचवी मोजतो आणि दुसरीच नळी धरतो, कारण त्याचं डावं ते तुमचं उजवं. आम्ही एकदा असंच केलं. गळकी नळी एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला शेजारची चांगली नळी बंद. नंतरच्या टेस्टमध्ये तेवढीच गळती परत, आणि आम्ही प्लगला दोष देत बसलो. तेव्हापासून मी नळीत लांब सळई घालून पलीकडे काढतो आणि पलीकडचा माणूस ती हाताने धरून 'हो, हीच' म्हणेपर्यंत खूण करत नाही. नकाशावरही 'पाण्याच्या इनलेटकडून पाहताना' असं ठळक लिहून ठेवा.

९. प्लग

गळकी नळी बदलायला वेळ नसेल तर दोन्ही टोकं बंद करतात. प्लग हलक्या उताराचा, नळीच्याच जातीच्या धातूचा किंवा त्याहून मऊ. लाकडी खुंटी ठोकून सीझन काढणारे असतात. ती सुकली की निसटते. फार जोराने ठोकलात तर ट्यूबशीटचं भोक ताणलं जातं आणि शेजारच्या चांगल्या नळ्यांचे जोड गळू लागतात. एका प्लगचे तीन होतात ते असे.

दोन्ही टोकं बंद करण्याआधी नळीला आत मोठं भोक पाडा किंवा ती कापा, म्हणजे आत प्रेशर कोंडणार नाही. बारीक भोकातून प्लग केलेल्या नळीत हळूहळू प्रेशर भरतं आणि पुढच्या वर्षी तो प्लग काढायला गेलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. जुना प्लग काढताना म्हणूनच समोर उभं राहायचं नाही.

दहा टक्क्यांपर्यंत नळ्या बंद केल्या तर चालतं, असा एक ढोबळ आकडा सगळीकडे फिरतो. मी तो आंधळेपणाने धरत नाही. उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचं पाणी आधीच गरम येतं, त्यात नळ्या कमी झाल्या तर वाफ थिजायची राहते आणि व्हेंटमधून सॉल्व्हंट उडतं. प्लग वीसच्या पुढे गेले की मी खर्चाचा हिशोब मांडून मालकापुढे ठेवतो.

१०. पास झाली, तरी एक नळी चिरून पाहा

टेस्ट पास झाली याचा अर्थ आज, या प्रेशरला, या नळ्या धरून आहेत. पाऊण इंची, १४ गेजच्या नळीची मूळ जाडी २.१ मिलिमीटर. ती झिजून अर्धा मिलिमीटर उरली तरी साडेसहा किलो आरामात धरते. गळती नसणं आणि जाडी उरलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला समजायला तीन सीझन लागले.

जाडी कळण्यासाठी मशीन आहेत. स्टेनलेस आणि तांब्याच्या जातीच्या नळ्यांना एडी करंट (नळीत प्रोब घालून विद्युतचुंबकीय पद्धतीने तपासणी) चालतं. कार्बन स्टीलला साधं एडी करंट धड वाचत नाही, त्याला रिमोट फील्डचं किंवा आतून फिरणारं अल्ट्रासोनिक लागतं. एजन्सी बोलावताना धातू आधी सांगा, नाहीतर येऊन परत जातील आणि बिल मात्र देतील.

एजन्सीचा खर्च मंजूर होत नसेल तर गावठी उपाय. तळाच्या ओळीतली, सर्वांत खराब दिसणारी एक नळी काढा, बाहेर वर्कशॉपमध्ये नेऊन उभी चिरा, धुवा, आणि सर्वांत खोल खड्ड्यापाशी उरलेली जाडी व्हर्नियरच्या टोकाने मोजा. मग किती वर्षांत किती गेली ते भागून पाहा. कटिंग प्लांटच्या हद्दीत नाही, हे परत सांगतो. ही चिरलेली नळी मालकाच्या टेबलावर ठेवली की नव्या नळ्यांची फाइल पटकन हलते. मी चार पानी अहवाल लिहून जे झालं नाही ते या एका नळीने केलं.

११. पाणी काढणं आणि वाळवणं

टेस्ट संपली की माणूस ढिला पडतो आणि इथेच शेल आत चेपतो. आधी वरचा व्हेंट उघडा, मग तळाचा ड्रेन. उलटं केलं तर उतरणारं पाणी आत व्हॅक्यूम करतं, आणि पातळ पत्र्याचा मोठा शेल दाबलेल्या डब्यासारखा होतो.

पाणी निघालं तरी नळ्यांच्या पोटात, बॅफलमागे थोडं राहतंच. कोरडी हवा फिरवून ते काढा. सोयाबीनची आवक दसरा-दिवाळीला, आणि टेस्ट जुलैत झाली असेल तर मधले दोन-तीन महिने हे साचलेलं पाणी नळ्या खात बसतं. चालू प्लांटपेक्षा बंद प्लांटमध्ये नळ्या लवकर जातात, असं माझं निरीक्षण आहे. वाळवून, कव्हर लावून, उघड्या नोझलला डमी मारून ठेवा. त्यात उंदीर आणि गांधीलमाशा घर करतात, तेही टळतं.

टेस्टसाठी मारलेल्या डमी प्लेट मोजून काढा. जितक्या लावल्या तितक्या परत आल्या पाहिजेत. आमच्याकडे प्रत्येक डमीला लाल रंग आणि नंबर असतो. नकाशावर नव्या प्लगची खूण, तारीख, प्रेशर, तापमान आणि गेजचा नंबर लिहा. एक प्रत ऑफिसमध्ये आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कंडेन्सरच्या रेलिंगला बांधा. पुढच्या ऑफ-सीझनला ऑफिसमधली सापडत नाही.